आखाजीफाईन

पहिला प्रश्न : दुखणं नेमकं कधी सुरू झालं?
तारीख, महिना, वर्ष. तीन चौकोन.

माय त्या दिवशी डॉक्टरांपुढे बसली होती
दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून,
दुसऱ्या कुणाचे सांभाळायला घेतल्यासारखे.
"आखाजीफाईन," म्हणाली.
लिहून घेणारा शिकाऊ पोरगा सांगलीकडचा.
आखाजी हे त्याला गाव वाटलं की भाजी, कोण जाणे.
त्यानं कागदावर टाकलं : सिन्स लाँग.

त्या दोन शब्दांवर अडलं
महिन्याला बहात्तर हजारांचं औषध.

पुण्याहून फोनवर एक मुलगी, आवाज गोड, म्हणाली,
मॅडम, आजार पॉलिसीच्या आधीचा दिसतोय.
आणि नाव भदाणे की भदाने?
आणि स्वस्त गोळ्या घेऊन पाहिल्या का?
पाहिल्या ना.
सोमवारची पिवळी गोळी, मंगळवारची ओकारी,
कंगव्यात केस, बुधवारी पुन्हा हात तसेच.
त्याचे सगळे कागद मी तीनदा पाठवले.
तिसऱ्यांदा उत्तर आलं : कागद पुसट आहेत.

पॉलिसी एक एप्रिलची.
पहिले तीस दिवस धरायचे नाहीत, असा नियम.
आखाजी सात मेला.
मी बोटांवर मोजलं : छत्तीस.
म्हणजे सहा दिवसांनी आम्ही प्रामाणिक.

पत्रात लिहिलं,
"आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. रुग्ण पारोळा येथील असून
त्यांच्या बोलीत 'फाईन' म्हणजे 'पासून'."
मोठ्या डॉक्टरांनी न हसता सही केली, वर शिक्का.
पत्रात हे लिहिलं नाही
की मी माहेरी आले होते, लिंबाला झोका टांगलेला,
चुलीवर खापर तापून उपडं,
आणि पुरणाचा उंडा मुठींवरून कोपरांपर्यंत
पसरवता पसरवता
मायचा मांडा फाटला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पुरण राखेत पडलं. ती म्हणाली, पीठच खराब यंदा.

हेही लिहिलं नाही
की त्याआधी, फाल्गुनात,
सोनाराकडे जाऊन तिनं अंगठी कापून आणली होती.
"उन्हानं बोटं फुगतात," म्हणाली.
मी मान्य केलं. आताही करते.
फॉर्मवर अंगठीसाठी चौकोन नाही.

मंजुरी आली. तीन महिन्यांपुरती.
नेमकी अशा आठवड्यात
की जळगावात डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि खोक्यावर लिहिलेलं : दोन ते आठ अंश.
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले,
दर फाट्यावर झाकणाला कान लावत, जणू आत कुणी श्वास घेतंय.
शेजारच्या बाबांनी विचारलं, कुल्फी का?
म्हटलं, हो. महागातली.

माय दार उघडायला आली, कडी मनगटानं ढकलत.
शेजारच्या सखूमावशीच्या फ्रिजमध्ये
ठेच्याच्या बरणीमागे जागा मिळाली.
लाइट गेली की मावशी फ्रिजला हात लावून बसे,
हातानंच तो गार राहणार असल्यासारखी.

आता पुढच्या तीन महिन्यांचा फॉर्म आलाय.
रुग्णात सुधारणा आहे का?
असल्यास औषधाची गरज काय?
नसल्यास उपयोग काय?

मी पेन उघडून बसलेय.
चुलीशी खापर उपडं पडतंय, ओळखीचा आवाज.
माय कुणाला न सांगता एकच उंडा घेते,
मुठीवरून मुठीवर, हळू,
कोपरापर्यंत नाही, अर्ध्या हातापर्यंतच.
छोटा मांडा. एका बाजूला जाड.
पण अखंड.

ती वळून माझ्याकडे नाही, कागदाकडे बघते.
"त्यासले सांगजो नको."