चार किलो सहाशे

पाच किलोच्या वर उचलायचं नाही,
पवनीच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो
खिडकीच्या उजेडाला धरून सांगितलं.
मी म्हटलं, साहेब, भरलं घमेलंच पंधराचं असते.
तो म्हणाला, मग घमेलं नाही.

एकोणीस वर्षं रेजा होती मी.
किती स्लॅब माझ्या चुंबळीवरून वर गेल्या,
मोजल्या नाहीत. घराला मिस्त्रीचं नाव राहते,
चुंबळ घरी येऊन खुंटीला लटकते.

आता चैत्राची दुपार, बिनकामाची.
पडवीत रेवाराम मिस्त्रीनं मजुरीच्या बाकीत दिलेली
अर्धी गोणी: खालून दगड,
वरून अजून पीठ.

पहिली कुंडी धानाच्या तुसाची केली.
राइस मिलमागं ढीग फुकटचा, वजन म्हणजे फुंकर.
पण तुसानं सिमेंटला झोपूच दिलं नाही.
आठ दिवसांनी नखानं खरवडली
तर पुरणासारखी सुटली.
आचल म्हणाली, आई, हे आता गाईला घाल.

मग जावेच्या कुलरच्या खोक्यातला थर्माकोल.
गंजक्या किसणीवर किसायला बसली
तर कणी समजून कोंबड्या धावल्या.
एका हातानं किसायचं, एका हातानं हुसकायचं.
केसांत, पदरात, वरणात
दोन दिवस पांढरे दाणे.

माप डालड्याच्या डब्याचं:
सिमेंट एक, चाळलेली नदीची रेती एक,
थर्माकोल दोन, दाबून न भरता.
पाणी मात्र हातालाच कळते.
मूठ आवळली की गोळा राहावा,
बोटांतून ओघळू नये.
रेवाराम ओरडायचा तेच तोंडात आलं,
"जेवढा पानी, तेवढा कच्चा!"
अंगणात दुसरं कोणीच नव्हतं.

हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या, रबरानं.
साइटवर कधी बांधल्या नव्हत्या.

रंगाची बादली बाहेरून, डबा आतून,
दोन्हींना मोटारीचं जळकं तेल,
बुडाला भोकासाठी एरंडाची कांडी.
मधल्या फटीत भरत गेली, काडीनं खोचत,
बादलीला बाहेरून थापट्या देत,
आचल तान्ही असताना
ढेकर निघेना तेव्हा देत होती तशा.

ती एका दिवसात काढली. तुटली.
सेंट्रिंग कधी खोलायचं
ते साइटवर मला विचारून नव्हते खोलत.

तिसरी तीन दिवस ओल्या बारदान्याखाली ठेवली,
सकाळ-संध्याकाळ पाणी पाजलं.
मग बादली उलटी करून बुडावर मुठीनं ठोकलं.
आत काहीतरी सुटल्याचा आवाज,
एवढासा, दुधाचा दात पडल्यासारखा.

उचलायला बसली.
पाय रोवले, मान ताठ, श्वास धरला,
एकोणीस वर्षांचं अंग आपसूक तयार झालं
आणि कुंडी इतकी झपकन वर आली
की मी मागच्या मागं मातीत.
आचल धावत आली. मला हसू आवरेना,
पाठीत कळ निघत होती तरी.

तुकडूच्या दुकानात काट्यावर ठेवली.
चार किलो सहाशे.
तो म्हणाला, आत काय आहे?
काहीच नाही, म्हटलं.

माती भरली की आठाच्या वर जाईल, ठाऊक आहे.
म्हणून कुंडी आधी जागेवर नेली, न्हाणीच्या बाजूला,
माती नंतर, वाटीवाटीनं.

काठावर कोंबडीचा एक पाय उमटला आहे,
ओला होता तेव्हाचा. घासून काढणार होती.
रेवाराम असता तर
चिमूटभर माल लावून बुजवला असता.

मिरचीचं रोप लावलं आहे.
अजून मान टाकून आहे.