बसकण

भिशीतल्या बायका विचारतात, ऑफिसात नेमकं काय करतेस?
मी सांगते, नकाशे काढते.
खरं म्हणजे साउथ तुकोगंजच्या तिसऱ्या मजल्यावर बसून
मी शहडोलकडची जमीन खाली बसवते.

एकशे चाळीस मीटर खोल, तीन मीटर जाड थर.
त्यात दोनशे चाळीस रुंदीचा लांबलचक पट्टा आखायचा.
एका टोकाशी यंत्र सोडायचं,
ते कोळसा खरवडत जातं, खोबरं खवावं तसं,
वरचं छत लोखंडी पायांनी तोललेलं.
यंत्र सरकलं की पायही पाऊलभर सरकतात
आणि मागे राहिलेलं पडू द्यायचं.
पडू द्यायचं, हे आराखड्यातच असतं.
पागनीस सर पहिल्या दिवशी म्हणाले होते,
छत पडलं तर भिऊ नकोस.
पडलं नाही, तर भी.

आपल्यात काय काय बसतं.
घसा बसतो, धंदा बसतो, गणित बसतं,
नव्या सुनेची चार महिन्यांत घडी बसते.
जमीनही बसते: एक मीटर ऐंशी, मधोमध.
काठाकडे कमी कमी होत शून्य.
पण ज्याला वाटतं मधल्याचं वाईट, त्यानं नकाशा पाहिलेला नाही.
मधला अख्खाच्या अख्खा खाली जातो,
चूल, उंबरा, म्हशीचा खुंटा, सगळं एका पातळीत.
फाटतो तो काठावरचा.
त्याचा एक पाय वर राहतो.

सुकवारोची विहीर काठावर होती.
टोल्यावरच्या बैठकीत मी तिचा गमछा मागून घेतला,
एक टोक सर्व्हेअर बैजनाथकडे, एक माझ्याकडे,
मध्ये दगड ठेवला, झोळ पडला.
बोटानं दाखवलं, इथे इथे ताण येतो.
भरपाईचा तक्ता काढणार, एवढ्यात ती म्हणाली,
"तौ हमका बीच मा धइ दे, बिटिया."

कुणी हसलं. मीही, बहुतेक.

इंदूरला परत येताना रात्रभर गाडीत झोप नाही.
सोमवारी पट्ट्याची सुरुवात एकशे दहा मीटर मागे ओढली,
सबंध टोला मध्यावर आला.
लाट खालून जाताना एकदा ताणेल, मग सोडेल.
नाल्याला नवा उतार काढून दिला,
नाहीतर पावसाचं पाणी त्यांच्याच अंगणात तुंबलं असतं.
सुकवारोचं ऐकलं, असं मला वाटत होतं.
पागनीस सरांनी आकडेमोड केली:
एक लाख दहा हजार टन जास्त.
कंपनीनं त्याच दिवशी सही केली, पेढे पाठवले.
डबा माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होता.
शेवटी वॉचमन घेऊन गेला.

काल बैजनाथचा मेसेज आला.
खुंटी चौदा, एक मीटर चौऱ्याहत्तर.
भिंती उभ्या. शाळेच्या फरशीला एक चीर, पोस्टकार्ड जाईल एवढी.
विहिरीत पाणी आहे, पण दोर आठ हात जास्त लागतो.
खाली आणखी एक ओळ:
सुकवारो पूछ रही है, मॅडम खुद कहाँ रहती हैं,
बीच में कि किनारे?

मी रामबागेत राहते, जुन्या इमारतीत, दुसरा मजला.
मेट्रोवाले कोपऱ्यावर महिनाभर जमीन टोचून गेले.
परवा दोन पोरं येऊन जिन्यातल्या भेगेवर
काचेची पट्टी चिकटवून गेली, वर तारीख.
शेजारचे खांडेकर विचारत होते, हे कशाला हो?
मी म्हटलं, काच तडकली की कळतं.
काय कळतं?
त्यांची पिशवी जड होती, हातात मेथी आणि दोन नारळ.
मी वर जायला वाट दिली.
नकाशा कुणाच्या टेबलावर आहे, मला माहीत नाही.