लवकरच

सहा वर्षांपूर्वी ऱ्होड्रीने खेळाचे तीन टप्पे दिले, चवीपुरते.
डाव्या कानात समुद्र, उजव्या कानात धक्क्याची भिंत,
मधोमध मी, हातात कंदील.
(कंदील कशाला, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.
नंतर माफी मागून त्याने कंदिलाची घंटा केली.)
तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी लोखंडी दार.
ढकललं की त्याचाच आवाज, जरा सर्दी झालेला:
लवकरच.

आता तो धक्का मला माझ्या जिन्यासारखा पाठ आहे.
अकराव्या पावलावर खडी दोनदा वाजते.
ही चूक मीच त्याला कळवली,
आणि नंतर मीच लिहिलं, राहू दे.

दिवसभर मी केमीच्या हॉस्पिटलात, धुलाईघरात,
चादरींच्या घड्या घालते.
संध्याकाळी हेडफोन चढवून दारापाशी उभी राहते.
डिसेंबरात शेजारीण अंधाराबद्दल कुरकुरते.
मी म्हणते, असेल.

वेल्सहून त्याची पत्रं येत.
पहिल्या वर्षी: मार्चअखेर, नक्की.
मग: जुळी झाली.
मग: नव्या आवृत्तीत स्क्रीन रीडर मेनूच वाचेना,
सगळं उसवून पुन्हा शिवतोय.
मग: बस डेपोत रात्रपाळी लागली.
मग नुसतंच: आहे मी.

भाचा ओस्कू एकोणीस वर्षांचा, डोळ्यांनी माझ्यासारखाच.
तो भडकला.
"दिसणाऱ्या पोरांना दर शुक्रवारी नवा खेळ, मावशी,
आणि आपण एका दारापाशी सहा वर्षं."
खरं होतं त्याचं.
मी गप्प बसून टेबलावरच्या रुमालाची घडी घातली,
मोडली, पुन्हा घातली.
लोक माझ्या सहनशीलतेचं कौतुक करतात.
कधी कधी ते नुसतं
दुसरं दुकान नसण्याचं नाव असतं.

वाट पाहणं मला कधी जमलं नाही.
मी वाट ऐकते.
तिला खडी असते, अकराव्या पावलावर दोनदा.

फेब्रुवारीत त्याने लिहिलं:
चौथ्या टप्प्यात समुद्राचा बर्फ फुटतो, पण आवाज मिळत नाही.
सेलरीचे दांडे मोडून पाहिले,
फ्रीजरमधले ट्रे आपटून पाहिले,
जुळी उठली.

मेमध्ये रैमोभावजींनी मला किनाऱ्यावर नेलं, पहाटे चारला,
वारा पडल्यावर.
रेकॉर्डर लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला.
चाळीस मिनिटं काही नाही.
भावजी दोनदा म्हणाले, घरी जाऊ.
मग खूप लांब, पाण्याच्या पोटात,
दोघींनी दोन टोकं धरून ओली चादर झटकावी, तसं.
मग जवळ.
मग थेट पायांपाशी.
मग सगळीकडे बारीक किणकिण,
आणि नेमका मला खोकला आला.

पाठवून दिलं तसंच.
आठवड्याने उत्तर: तुलिक्की, हे ऐकल्यावर
माझा अख्खा चौथा टप्पा खोटा वाटतोय.
नव्याने लिहावा लागेल.
म्हणजे आणखी एक वर्ष!
मी आधी हसले, मग मला राग आला,
खराखुरा, भांडी आपटण्याइतका.
कपाचा कान तुटला. तो अजून जोडलेला नाही.

काल नवी आवृत्ती आली.
दार तसंच, बंद.
ढकललं, तर ऱ्होड्री काहीच बोलला नाही.
मी घंटा खाली ठेवली आणि हललेच नाही.
बऱ्याच वेळाने, दारापलीकडे, खूप लांब
कुणीतरी चादर झटकली.
आणि किणकिण संपता संपता
एक बाई खोकली.

ओस्कूला हाक मारली.
हेडफोनचा एक कान त्याला दिला, एक मी धरला.
पुष्कळ वेळ तो काही बोलला नाही.
मग हळूच म्हणाला,
"मावशी, पलीकडे आधीच कुणीतरी पोचलंय."