सावदा, पहाटे सव्वातीन

केळीसंघाचा सर्व्हर बंद करायचा नाही:
ट्रक भरतायत, काट्यावरून वजनं येतायत.
तिसऱ्या मेमरीपट्टीशेजारी पिवळा दिवा.

मनगटाला पट्टा, त्याची तार चौकटीला.
मे महिन्याची कोरडी हवा; बोटाच्या टोकावर
एखादी ठिणगी दबा धरून असतेच.

खटका दाबला. पट्टी उपसली.
पंखे घोंघावत राहिले.
तिचं सगळं जोडीदारणीनं आधीच पाठ केलेलं.

"दुखत नही का रे त्याले?"
वॉचमन झोपे,
रात्रभर जागून आडनावाला न जागणारे.

नवी बसली. टक्.
हिरवा दिवा यायला चार मिनिटं.
तेवढ्यात झोप्यांनी, मागच्या पोळ्याला गेलेल्या
भावाचा फोन नंबर
तोंडपाठ म्हणून दाखवला, दोनदा.

दुसऱ्यांदा एका आकड्यावर अडखळले.