ओ

खानापुरात पहिल्या सकाळी
चहात मीठ पडलं माझ्या हातून.
डब्यांवर पहिलीचं अक्षर, कानडी,
मला न येणारं.
इराप्पा निमूट प्याला.

शिवलीला फिस्सकन हसली,
रजिस्टर ऑफिसात
माझ्याकडे न बघितलेली.
मग स्टुलावर चढून वाचत सुटली:
उप्पु. सक्करी. बेळी.
खाली माझा भरमू, स्केचपेन चावत,
त्या अक्षराला धक्का न लावता
शेजारी मराठीत लिहीत गेला,
मिठाची वेलांटी चुकवून.

वरच्या फळीचा एक डबा
तिनं वाचला नाही.
मी पुसून
होता तिथंच ठेवला.

चहा परत टाकला.
‘सक्करी हाक,’ पाठमोरीच म्हणाली.
हाक म्हणजे घाल,
एवढं कळतं मला.
तरी मी ओ दिली.