कौटुंबिक इतिहास

फैजपुरात रात्री अकराला माझं ऑफिस उघडतं,
वरच्या खोलीत, इन्व्हर्टरशेजारी.
जिनिव्हाचा गुडघा. सिंगापूरचं बाळंतपण.
हे मंजूर, त्याला आणखी एक कागद.
माणसं मी क्लेमच्या आकड्यांनी ओळखते.

आज एक फाईल दोह्याहून :
हेमराज सुपडू नेहेते, दोन स्टेंट.
जन्मगाव भालोद. माझं माहेर.
घराण्यात कुणाला हृदयविकार?
त्यानं लिहिलंय, नाही.

सुपडूअप्पा.
केळीच्या वखारीत भरीत होतं त्या रात्री,
पऱ्हाट्यांवर वांगी तडतडत होती.
अप्पा म्हणाले, जरासं पित्त झालंय,
आणि गोणीला टेकले ते टेकलेच.
हेमराज तेव्हा पाचवीत, माझ्या मागच्या बाकावर.
गावानंही पित्तच धरलं.
डॉक्टरचा कागद ना कुणी मागितला, ना कुणी दिला.

मग त्याचं 'नाही' खोटं कसं म्हणू?
मला जे माहीत आहे
त्याला या फॉर्मात रकाना नाही.

लंडनहून खिडकी उघडते : काही शंका?
मी टाइप करते. खोडते.
खालून सासऱ्यांची हाक, हेडफोनच्या आतून ऐकू येईल इतकी :
सूनबाई, सोडा आहे का गं घरात?
पित्त झालंय वाटतं.