मार्चच्या पाठीवर

सारस मोजायले आला होता तो ओकाबे, जपानचा.
एकवीस दिवस आमच्या बोदलटोल्यात.
पहाटे चारले धुऱ्यावर, दुर्बीण घेऊन,
अन् दुपारी माझ्या ओसरीत.
मांडी मोडत नव्हती त्याची,
पाय एकीकडं घेऊन बसे.
लाखोळीची डाळ, भात, वरून सांबार.
दर घासाले मान हाले.

जायच्या आदल्या दिवशी तो बोलला,
म्हणजे त्याचा मोबाईल बोलला,
पुण्याच्या बाईच्या आवाजात:
"आपण जपानला आलात तर कृपया हे खावे."
मी हासले.
नागपूरले दोनदा गेले मी, दोन्ही वेळा दवाखान्यात.

पण त्यानं कॅलेंडरातला मार्च फाडला
अन् पाठीवर देश काढला,
वाळत घातलेल्या मिरचीसारखा वाकडा.
देठाच्या जरा खाली एक ठिपका, अकिता:
भात कुटून काडीले थापतात,
विस्तवाजवळ उभा करतात.
हे समजलं.
मधात डोंगर, हिदा:
आंबवलेलं सोयाबीन वाळल्या पानावर,
पानासकट निखाऱ्यावर.
"पान जळत नाही का जी?"
"जळते. तोच तर वास."
पळसाच्या पानात पानगे लावताना
माझी सासू हेच म्हणे.

खालच्या बेटावर, सानुकीत,
कणिक पायानं तुडवतात म्हणे.
मी पदर तोंडाले लावला.
तर उठला, मोज्यांनिशी ओसरीत
तुडवून दाखवली नसलेली कणिक.
शेळी चारा सोडून पाहत राहिली.

बिवा नावाचं तळं आहे तिकडं.
तिथला मासा भातात दाबून
दोन-दोन वर्षं ठेवतात.
आमचे मालक ढिवर. एकवीस दिवसांत
पहिल्यांदा तोंड उघडलं त्यांनी:
"मीठ किती?"
मग दोघं अर्धा तास मिठावर बोलले.
मोबाईल बंद पडला होता.

शेवटी एक ठिपका उरला, बिननावाचा.
खेमराजनं चार्जिंग लावलं, विचारलं.
"येथे भात जळाला."
आग लागली होती का?
"येथे आईने भात जाळला."
खेमराजनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच.
तेव्हा तो सरळ चुलीपाशी गेला
अन् गंजाच्या बुडाले बोट लावलं.

खरवड!
एकवीस दिवस मी ते लपवत होते.
पाहुण्याच्या ताटात खरवड कोण वाढते?
तो बांधावर गेला की मागच्या दारी बसून
मीच खात होते, मीठ लावून.

उलथनं घेतलं. खरडलं. कर्र, कर्र.
घास तोंडात जायच्या आधीच
त्यानं डोळे मिटले.

सारस किती निघाले, विचारायचं राहून गेलं.
मार्च भिंतीवर आहे, पाठ पुढं करून.
खेमराज म्हणते, त्या ठिपक्याले नाव लिहून देतो.
म्हटलं, राहू दे.

भात आजकाल बुडाले जास्तच लागते माझा.
मालक म्हणतात, ध्यान कुठं असते तुझं.